बालरोग परिचर्येला यायचंय? मनोगतातल्या या चुका टाळा

जून उजाडला की माझ्याकडे मनोगतं यायला लागतात. कुणाला शिष्यवृत्तीसाठी एखाद्या ट्रस्टकडे अर्ज करायचा असतो, कुणाची एम.एस्सी. नर्सिंगची मुलाखत असते, कुणी परदेशातल्या कॉलेजचा फॉर्म भरत असतं. ‘मॅडम, बालरोग परिचर्याच का, यावर एक पान लिहायचंय. जरा बघून द्याल?’ मी आनंदानं बघते. एकतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली, त्यातली शेवटची नऊ नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात. या कामाला चांगली माणसं मिळावीत असं मनापासून वाटतं, म्हणूनच त्याच त्या चुका वाचून जीव तुटतो.

‘मला लहान मुलं खूप आवडतात’

निम्म्याहून जास्त मनोगतं ‘मुले म्हणजे देवाघरची फुले’ या वाक्यानं सुरू होतात आणि दुसऱ्या ओळीत ही आवड येते. मुलं कुणाला आवडत नाहीत? आईसक्रीमवाल्यालाही आवडतात. शिवाय जी मुलं तुम्हाला आवडतात ती धडधाकट असतात, अंघोळ घातलेली, पावडर लावलेली, मामाच्या कडेवर बसून हसणारी. वॉर्डातलं मूल तुमचा गणवेश पाहिल्याबरोबर किंचाळतं. आधीच्या पाळीत कुणीतरी चोवीस गेजची, म्हणजे बारीक, सुई घेऊन तीनदा शीर शोधलेली असते, आणि त्याच्या हिशोबी ते ‘कुणीतरी’ म्हणजे तुम्हीच.

तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी आठवते. तिच्या मनोगतात ‘आवड’ हा शब्द पाच वेळा होता. ऐन पावसाळ्यात तिची आमच्या वॉर्डात ड्युटी लागली. जुलाब आणि न्यूमोनियानं वॉर्ड भरलेला, एकेका पलंगावर दोन दोन मुलं. तिच्याकडे चौदा महिन्यांचा एक मुलगा होता, न्यूमोनियाचा. ती जवळ गेली की तो आईच्या पदरात तोंड खुपसायचा. तिनं खुळखुळा आणला, मोबाइलवर गाणी लावली, स्वतःच्या पैशानं फुगा आणला. त्यानं फुगा फेकून दिला. तिसऱ्या दिवशी ती ड्रेसिंग रूममध्ये रडत बसली होती. ‘मॅडम, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला दुसरा वॉर्ड द्या.’

मी म्हटलं, ‘त्यानं तुझ्याकडे बघायची गरज नाही, तू त्याच्याकडे बघ. हात लावू नकोस. तो आईच्या मांडीवर झोपला की समोरच्या स्टुलावर बस, त्याचं पोट बघ आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही.’

दुपारी तिनं चोपन्न मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त असला तर तो जलद धरतात. (दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास, दोन महिन्यांच्या आत साठ. पुस्तकात न बघता सांगता आलं पाहिजे.) मूल उपचारावर होतंच, म्हणून मी म्हटलं, दर दोन तासांनी मोजत राहा. संध्याकाळी ती धावत आली. बासष्ट, आणि प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, औषध बदललं. मूल वाचलं.

डिस्चार्जच्या दिवशीही तो तिला बघून रडलाच. पण तिनं पुढच्या अर्जात आधीचं पान फाडून नवं लिहिलं. पहिलं वाक्य असं होतं: ‘जे मूल मला हात लावू देत नव्हतं, त्याचा श्वास मी एका दिवसात सहा वेळा मोजला.’ त्या पानावर ‘आवड’ हा शब्द एकदाही नव्हता. मी पेन्सिल खाली ठेवली.

त्या पेन्सिलीबद्दलही सांगते, कारण माझ्याकडे दुसरी काही पद्धत नाही. पान हातात आलं की ‘सेवा’, ‘प्रेम’, ‘आवड’, ‘समर्पण’ आणि ‘देवदूत’ हे शब्द मी आधी पेन्सिलीनं खोडते आणि जे उरतं ते मोठ्यानं वाचते. बहुतेक वेळा नाव, गाव आणि टक्केवारी उरते. मग ते पान परत करते आणि विचारते, ‘तू काय पाहिलंस? आणि पाहिल्यावर काय केलंस?’

घरातलं दुःख लिहायचं, पण अश्रूंपाशी थांबायचं

ही दुसरी चूक मला जास्त लागते, कारण लिहिणारी खरं लिहीत असते. ‘माझा धाकटा भाऊ सातव्या महिन्यात जन्मला. सिस्टरांनी देवासारखी सेवा केली. तेव्हाच मी ठरवलं.’ वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि तो पुढचा अर्ज उचलतो.

असंच लिहून आणलेल्या एका मुलीला मी समोर बसवलं. ‘तू तेव्हा किती वर्षांची?’ ‘बारा.’ ‘काचेतून काय दिसायचं?’ आधी ती गप्प होती. मग सांगायला लागली. भाऊ चौदाशे ग्रॅमचा होता. सिस्टर त्याच्याजवळ जाताना दर वेळी हात धुवायच्या, तो रडत असला तरी आधी हात, मग बाळ. आईचं दूध वाटीत काढून थेंब थेंब पाजायच्या, आणि किती गेलं ते लगेच कागदावर लिहायच्या. एके दिवशी त्यांनी आईला ब्लाउजची बटणं सोडायला सांगून बाळ उघड्या छातीवर बांधून दिलं. आजी चिडली होती, एवढंसं पोर काचेच्या पेटीतून बाहेर काढलं म्हणून.

यातलं एक अक्षरही पानावर नव्हतं. छातीवर बांधणं म्हणजे कांगारू पद्धत, १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे इनक्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या त्या काचेच्या पेट्या, कमी पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी आईचीच ऊब वापरली. आज अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतही ती करून घेतात. या मुलीनं ती बाराव्या वर्षी काचेतून पाहिली होती आणि लिहिलं होतं ‘देवासारखी सेवा’. मी तिला म्हटलं, देव हात धुतो का माहीत नाही, त्या सिस्टरांनी धुतले ते लिही. आणि आजीचा राग लिही, कारण उद्या तुला रोज अशा आज्यांना समजवायचंय. मुलांच्या वॉर्डात पलंगावर एक रुग्ण असतो आणि पलंगाभोवती अख्खं घर. ज्यांना फक्त मुलाशीच बोलायचंय त्यांनी इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाइटिंगेलबाईंपासून सुरुवात

क्रिमियाचं युद्ध, हातातला दिवा, १२ मे. मुलाखत घेणाऱ्यांना हे तुमच्याआधीपासून पाठ आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण त्या युद्धात त्यांच्यासमोर जखमी सैनिक होते आणि तुम्हाला मुलांचा वॉर्ड हवाय. नाव घ्यायचंच असेल तर आपल्या मातीत शोधा. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच साथीची लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि शुश्रूषेचं काम हलकं समजणाऱ्या घरांतल्या बायकांना परिचारिका म्हणून तयार करायचा प्रयत्न केला. हे लिहिलंत तरी पुढच्या ओळीत तुमचं स्वतःचं काहीतरी यायला हवंच.

इंग्लंडचा नमुना उतरवून काढणं

ब्रिटनमध्ये परिचारिकेची नोंदणीच प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि अध्ययन अक्षमता अशा शाखांनुसार होते. बारावीनंतर मुलगी थेट बाल परिचर्येच्या पदवीला जाते, म्हणून तिथल्या नमुन्यात ‘पहिल्या दिवसापासून मला मुलांसोबतच काम करायचे आहे’ हे शोभतं. आपल्याकडे तसं नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यात बालरोग परिचर्या तिसऱ्या वर्षी येते. तोवर म्हाताऱ्यांचे बेडसोअर, शस्त्रक्रियेचे रुग्ण, सगळं करायचंच. बालरोगात एम.एस्सी. करायची तर पदवीनंतर किमान वर्षभराचा अनुभव आणि मग दोन वर्षं. नेटवरून उतरवलेलं पान देणाऱ्या मुलीला हा रस्ता माहीत नसतो आणि ते दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. एआयकडून लिहून घेतलेल्या पानांचंही तेच. वाक्यं गुळगुळीत, पण मुलगी त्यात कुठेच नाही. घाई असेल तर पाच ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा.

‘गणित जमत नाही म्हणून नर्सिंग’

हे कुणी लिहीत नाही, पण बोलताना कळतं. मुलांच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक औषध वजनावर ठरतं, तेव्हा ही भीती घेऊन आलात तर मुलाच्या जिवाशी गाठ आहे. मी हे अनुभवानं सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. दहा किलोचं मूल, ताप. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप धरून डॉक्टरांनी सहा मिलिलिटर लिहिलं होतं. बरोबरच होतं. पण त्या रात्री स्टोअरमधून सिरपऐवजी ड्रॉप्स आले होते. ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. मला दीड मिलिलिटर द्यायचं होतं, आणि मी बाटलीवरचं नाव वाचून, ताकद न वाचता, सहा मिलिलिटर काढलं. ६०० मिलिग्रॅम. चौपट.

मुलाची आई म्हणाली, ‘सिस्टर, मागं घरी ह्याच बाटलीतलं डॉक्टरांनी इवलंसं द्यायला सांगितलं होतं.’

माझा हात थांबला. त्या बाईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण तिनं बाटली ओळखली. त्या रात्रीपासून मी प्रत्येक मात्रा कागदावर मांडते, बाटलीवरची ताकद मोठ्यानं वाचते आणि द्यायच्या आधी आईला किंवा शेजारच्या सिस्टरला आकडा सांगते. कॅल्क्युलेटर नंतर, पडताळायला. मोबाइलवर बोट फिरवून ‘आलं उत्तर’ म्हणणाऱ्या नवशिक्या मुली मला चालत नाहीत, कितीही हुशार असोत. मनोगतात एक ओळ यावर असू द्या. आकड्यांची भीती वाटत होती आणि तुम्ही तिचं काय केलंत, हे लिहिलेलं मला कुठल्याही सुविचारापेक्षा जास्त भावतं.

काही चुका थोडक्यात. नीटला नंबर लागला नाही हे लपवू नका. त्यानंतर इथेच का आलात ते सांगा. परदेशी जायची इच्छा असणं हा गुन्हा नाही, पण अख्खं पान त्यावर नको. मुलग्यांनो, ‘पुरुष असूनही’ अशी सुरुवात करू नका. वॉर्डातले ब्रदर आम्हाला हवे असतात; सिस्टरांशी न बोलणारे कितीतरी बाप ब्रदरांकडे मन मोकळं करतात.

आणि पाहिलेलंच काही नसेल तर? मग लिहायला बसू नका, आधी बाहेर पडा. परवानगी घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी सकाळी जाऊन बसा. दीड महिन्याचं बाळ घेऊन आलेली आई मांडीवरच्या सुईआधी कशी तोंड फिरवते, ताप येईल म्हणून आशाताई तिला काय सांगते, अर्धा तास थांबायला सांगितल्यावर कोण थांबतं आणि कोण बसची वेळ बघून पळतं, हे पाहा. अंगणवाडीत बाळाच्या दंडाला फीत लावतात ते पाहा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. फितीचा तो लाल भाग प्रत्यक्ष एका दंडावर दिसला की पान आपोआप लिहिलं जातं. खिशात छोटी वही ठेवा आणि तिथल्या तिथे टिपा. घरी जाऊन आठवू म्हणाल तर ‘सेवा’ आणि ‘प्रेम’ एवढंच आठवेल.

‘मी खंबीर राहीन’

मुलाखतीत हा प्रश्न येतोच: वॉर्डात मूल दगावलं तर काय कराल? सगळ्या म्हणतात, ‘मी खंबीर राहीन.’ मी एकतीस वर्षांनीही राहू शकत नाही, त्यामुळे या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका निवड समितीवर मी होते. एका मुलीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मी आधी आईला बसायला खुर्ची आणीन.’ बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, लहान बहीण दवाखान्यात दगावली तेव्हा आई दोन तास भिंतीला टेकून उभी होती, तिला बस म्हणायला कुणी आलं नाही. तिच्या मनोगतात बहिणीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिथे नाइटिंगेलबाई होत्या, आणि देवाघरची फुलं.