आलेखातला बिंदू ओढता येईनासा झाला तेव्हा

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे मागणीचा अंदाज बांधण्याचं काम होतं. पुढच्या 12 महिन्यांचे आकडे काढायचे, त्यांचा रेषालेख करायचा आणि वरिष्ठांसोबत बसून तो दुरुस्त करायचा. या कामात तुम्ही नव्याने येत असाल, तर त्या काळातला एक अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

एक्सेल 2003मध्ये ही दुरुस्ती थेट आलेखावर करता यायची. रेषेवर क्लिक केलं की पूर्ण मालिका निवडली जायची. मग हव्या त्या बिंदूवर पुन्हा क्लिक करून तो माउसने वर-खाली ओढायचा. सोडला की शीटमधल्या सेलचा आकडाच बदललेला असायचा. सेलमध्ये सूत्र असेल तर ‘गोल सीक’ची (हव्या उत्तरावरून उलटा आकडा शोधणाऱ्या सोयीची) चौकट उघडायची आणि हे उत्तर येण्यासाठी कोणता सेल बदलायचा, ते विचारायची.

माझे वरिष्ठ आकड्यांत बोलतच नसत. “ऑगस्ट जास्तच वर गेलाय, जरा खाली घे,” असं म्हणायचे. मी बिंदू ओढायचो, ते रेषेकडे बघून “अजून थोडा” म्हणायचे. वीस वर्षांचा अनुभव त्यांच्या डोळ्यांत होता आणि तो आलेखात उतरवायची वाट म्हणजे ते ओढणं.

मग ऑफिसात एक्सेल 2007 आलं. ओळी 65,536वरून 10,48,576 झाल्या, रकाने 256वरून 16,384. मला मनापासून आनंद झाला, कारण मोठ्या फाइली तोडाव्या लागत होत्या. पहिल्याच बैठकीत मी बिंदू पकडला, तर तो निवडला गेला, पण हलेना. शीट लॉक आहे का ते पाहिलं, फाइलची नवी प्रत केली, संगणक बंद करून चालू केला. खरं कारण नंतर कळलं: या आवृत्तीत ती सोयच काढून टाकलेली होती. आलेखातल्या स्तंभांना रेघांची नक्षी भरायची सोयही तेव्हा मेनूतून गेली होती, ती 2010मध्ये परत आली. बिंदू ओढणं मात्र परत आलं नाही.

त्या बैठकीत मी आकडा टाइप करायचो, आलेख बघायचो, पुन्हा टाइप करायचो. वरिष्ठ हळूहळू गप्प होत गेले. आकाराबद्दल बोलणारा माणूस आकडे विचारले की अडखळतो, हे मी समोर बघत होतो. मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी मी कागदावर लिहून काढलं की बिंदू ओढताना नेमकं काय घडत होतं. उत्तर छोटं होतं: एका सेलमधली किंमत बदलत होती आणि आलेख ती दाखवत होता. एवढं कळल्यावर दुसरे मार्ग दिसू लागले. तुमच्याही हाताला सवय झालेल्या सोयींबाबत हे लिहून ठेवा, आणि तेही आवृत्ती बदलण्याआधी. शक्य असेल तर एका संगणकावर जुनी आवृत्ती काही दिवस राहू द्या, अशी विनंती करा.

‘गोल सीक’ अजूनही आहे, डेटा टॅबवरच्या ‘व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस’मध्ये. मात्र ते एका वेळी एकच सेल बदलतं, आणि त्या सेलमध्ये सूत्र नाही तर साधा आकडा हवा. सेटिंग बदललं नसेल तर उत्तर हवं त्या किमतीच्या 0.001 इतकं जवळ पोचलं की ते थांबतं. तुमचे आकडे अपूर्णांकात असतील तर ही चूक डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी ठरते.

बैठकीसाठी मला खरा आधार मिळाला तो स्क्रोल बारचा, म्हणजे शीटवर ठेवायच्या सरकपट्टीचा; ती सरकवली की तिला जोडलेल्या सेलमधला आकडा बदलतो. तो डेव्हलपर टॅबवर असतो. हा टॅब सुरुवातीला लपलेला असतो, पर्यायांमधून चालू करावा लागतो. फॉर्म कंट्रोलमधला स्क्रोल बार 0 ते 30,000 एवढेच पूर्णांक देतो. उणे किंवा दशांश किंमत हवी असेल तर जोडलेल्या सेलमधून 500 वजा करून 10ने भागा; 0 ते 1000 फिरणारा बार मग उणे 50 ते अधिक 50 देईल.

मी तीन रकाने ठेवले: मूळ अंदाज, बारवरून येणारी दुरुस्ती आणि दोन्हींची बेरीज. आलेख बेरजेचा. यात जुन्या पद्धतीपेक्षा एक गोष्ट चांगली झाली. ओढताना मूळ आकडा पुसला जायचा, आता कोणत्या महिन्यात किती बदल केला ते समोर राहतं. बाराही महिन्यांना बार लावू नका, पडदा गजबजतो. ज्या तीन-चार महिन्यांवर चर्चा होते त्यांनाच लावा.

आणि उभ्या अक्षाची किमान व कमाल किंमत आधी स्वतः ठरवून द्या. ती आपोआप ठरू दिली तर बार सरकवताना अक्षच बदलतो, रेषा जागची हलल्यासारखी वाटत नाही आणि समोरचा माणूस पुन्हा “अजून थोडा” म्हणत राहतो.