रोल लॅमिनेशन मशीनला फिल्म लावताना

अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीत माझं लॅमिनेशनचं दुकान आहे. शाळांचे तक्ते, हॉटेलांची मेनूकार्डं, आर्किटेक्टचे नकाशे. दोन्ही बाजूंनी फिल्म लागून कडा बंद होणारं सगळं काम. मशीन २५ इंची, एक रोल वर आणि एक खाली. कामाला आलेल्या मुली कागद सरकवायला पटकन शिकतात. फिल्म लावायला हात बसावा लागतो, आणि सुरकुत्या, बुडबुडे, वाकडे शीट या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

मशीन गार असतानाच फिल्म लावा. गरम रोलरजवळ बोटं घालून फिल्म ओढण्यात काही शहाणपण नाही. ओढणी खोचा, केस वर बांधा, बांगड्या मागे सारा. मशीन थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते आधी डोळ्यांनी बघून ठेवा, रोलरमध्ये काही अडकल्यावर शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आता गोंदाची बाजू. ही फिल्म हाताला चिकटत नाही, गोंद गरम झाल्यावरच वितळतो. म्हणून नवीन माणसाला दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. ग्लॉस फिल्म उजेडात तिरकी धरा: एक बाजू आरशासारखी चकचकीत, दुसरी जरा धुरकट. धुरकट ती गोंदाची. जाड फिल्म असेल तर कोपऱ्यावर ब्लेडची धार हलकेच घासा, गोंदाच्या बाजूने पांढरट भुकटी निघते. मॅट फिल्ममध्ये डोळ्यांवर अजिबात विसंबू नका, कारण तिची बाहेरची बाजूही निस्तेज असते. तेव्हा तिचा छोटा तुकडा कागदावर ठेवा, वर बटर पेपर ठेवून इस्त्री टेकवा. चिकटला तर खालची बाजू गोंदाची. एवढं करायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण गोंद रोलरला लागला की अर्धा दिवस गेलाच.

नियम एकच आहे: गोंद कागदाकडे, गुळगुळीत बाजू गरम रोलरकडे. वरच्या आणि खालच्या फिल्मचे गोंद एकमेकांकडे तोंड करून यायला हवेत. काही रोलवर गोंद बाहेरून गुंडाळलेला असतो, काहींवर आतून. त्यामुळे मागचा रोल असाच लावला होता, हे कारण नव्या रोलला चालत नाही. बाजू चुकतेय असं दिसलं तर रोल काढून त्याचं डावं टोक उजवीकडे करा, फिल्म दुसऱ्या बाजूने सुटायला लागेल.

दोन्ही रोल एकाच रुंदीचे, एकाच मायक्रॉनचे म्हणजे एकाच जाडीचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. रोलच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, सरकवताना कडा तंतोतंत जुळवा. वरची फिल्म खालच्यापेक्षा बाजूला सरकलेली असेल तर तिचा उघडा गोंद थेट समोरच्या रोलरला जाऊन बसतो. मी पट्टीने दोन्हीकडून मोजते. मुलींना हसू येतं, येऊ दे. कोर, म्हणजे फिल्म गुंडाळलेली आतली नळी, शाफ्टवर घट्ट बसला पाहिजे. तो आतल्या आत फिरत असेल तर शाफ्टचा ब्रेक कितीही आवळला तरी फिल्मला ताण येत नाही.

वरची फिल्म आडव्या दांडीवरून घेऊन वरच्या रोलरच्या पुढून खाली सोडा. खालची तशीच दांडीवरून वर आणा. बहुतेक मशीनच्या झाकणाच्या आत हा मार्ग बाणांनी काढलेला असतो, तो बघा. दांडी चुकवून सरळ रोलरवर घेतलेली फिल्म सपाट जात नाही. मग फिल्मच्या रुंदीएवढा ताठ पुठ्ठा घ्या. दोन्ही फिल्मची टोकं सरळ करून त्याच्या पुढच्या कडेने आत ढकला आणि सगळ्यात कमी वेगावर मशीन चालू करा. पुठ्ठा मागून बाहेर आला म्हणजे फिल्म ओवली गेली. कुठे तिरकी जाताना दिसली तर थांबवा आणि पहिल्यापासून ओवा, पुढे ती आपोआप सरळ होत नाही.

आता दाब उचलून, म्हणजे रोलर एकमेकांपासून दूर करून, हीटर लावा. ३८ मायक्रॉनला माझ्या मशीनवर १०५ ते ११० अंश पुरतात, १२५ मायक्रॉनला तापमान थोडं वाढवून वेग कमी करावा लागतो. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा येईल. तापल्यावर रोलर पुन्हा एकमेकांवर टेकवून थोडी रिकामी फिल्म चालवा. पांढुरकी निघाली तर उष्णता कमी आहे किंवा वेग जास्त, काचेसारखी स्वच्छ निघाली की कागद घाला.

ताण नेहमी कमीपासून सुरू करावा. फिल्मवर लाटा, सुरकुत्या दिसल्या की ब्रेक किंचित आवळा, दिसायच्या थांबल्या की हात काढा. शीट वर वळत असेल तर वरचा ताण जास्त आहे, खाली वळत असेल तर खालचा. पावसाळ्यात बुडबुडे आले तर आधी कागद तपासा: दमट कागदातली वाफ फिल्मखाली अडकते. इंकजेट प्रिंट तर पूर्ण वाळल्याशिवाय मी हातातच घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

रोल संपत आला की शेवटचा मीटरभर आधीच कापा. कोरला चिकटवलेलं टोक आत खेचलं गेलं तर त्याची टेपही रोलरपाशी जाते. रोलरला गोंद लागलाच तर तो कोमट असताना जाड सुती कापडाने चोळून काढा. ब्लेड, चाकू, पाना काही लावू नका. रबराला पडलेला चरा नंतर प्रत्येक शीटवर उमटतो.

संध्याकाळी हीटर बंद केल्यावर रोलर गार होईपर्यंत फिरते ठेवा आणि मगच दाब उचलून मेन स्विच बंद करा. उरलेला रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आडवा न ठेवता उभा ठेवा, नाहीतर दाबलेली बाजू पुढच्या कामाला तशीच चपटी येते.