पिसवेच्या उडीचं गणित: या चुका टाळा

पिसू भरते साधारण 0.45 मिलिग्रॅम. जमीन सोडताना तिचा वेग सेकंदाला 1 मीटर धरा आणि पाय रेटा देतात ते अंतर अर्धा मिलिमीटर. त्वरण काढा, बल काढा. अकरावीचं साधं गणित, पण गाडी दरवर्षी त्याच वळणावर घसरते.

सगळ्यात जास्त वैताग अंतराच्या चुकीचा. हवेचा विरोध सोडला तर पिसू 5 सेंटिमीटर वर जाते, आणि मुलं सूत्रात (वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट) तेच 5 सेंटिमीटर कोंबतात. त्वरण येतं 10 मी/से², म्हणजे साधारण जी, गुरुत्वत्वरण. एकाने तर उत्तराला चौकटही आखली होती. म्हणे, "सर, जी आला, म्हणजे बरोबरच!" अरे, जी येणारच. पाय सुटल्यावर तिला ओढायला दुसरं आहे कोण? तो काही ऐकेना. शेवटी विचारलं, जमिनीवर रेटा देत 5 सेंटिमीटर वर जायचं तर पाय केवढे लांब लागतील? पिसू अख्खी दोन-तीन मिलिमीटरची. तेव्हा कुठे खोडरबर बाहेर आलं. अंतर 0.0005 मीटर घातलं की त्वरण 1000 मी/से², म्हणजे जीच्या शंभरपट, आणि रेट्याचा वेळ एक मिलिसेकंद.

म्हणून मी आधी दोन चित्रं काढायला लावतो: पाय टेकलेले, पाय सुटलेले. "सर, ट्रिक सांगा" म्हणणाऱ्यांना तिसरंही काढायला लावतो.

मिलिग्रॅमचे किलो करताना हजाराने दोनदा भागा. वस्तुमान 4.5 × 10⁻⁷ किलो, बल 0.00045 न्यूटन. एकदाच भागून थांबलात तर 0.45 न्यूटन येतं, तेवढ्यात पिसू लिंबू उचलेल.

आकृतीत पिसवेवरची बलंच दाखवा. तिने जमिनीला दिलेला रेटा जमिनीच्या आकृतीत.

वजन विसरू नका. इथे ते निव्वळ बलाच्या एक टक्काच आहे, सोडलं तरी चालतं, पण आधी काढून बघा आणि मग सोडा. जमिनीचा रेटा वजनाच्या दुप्पटच दिला असेल, तर वजन विसरणाऱ्याचं त्वरण थेट दुप्पट येतं.

"स्नायूंनी झटका दिला" असंही लिहू नका. मिलिसेकंदात एवढी शक्ती स्नायूला झेपत नाही. तो आधी सावकाश ऊर्जा साठवतो आणि ती एकदम सुटते. रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनाची त्यातली भूमिका बेनेट-क्लार्क आणि लूसी यांनी 1967 मध्ये मांडली.

आणि ते "पिसू माणसाएवढी असती तर इमारत ओलांडली असती" कृपा करून नको. स्नायूंची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, उंची काढताना वस्तुमान कटतं. इमारत राहिली बाजूला.