मांजराचं भोक बुजवायचंय? आधी चिरा भिजवा

मांजर राहिलं नाही की भिंतीतली त्याची वाट उंदरांची होते, मग त्यांच्या मागे सापही येतो. ती बुजवायचं काम मे उजाडायच्या आत उरका. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर झड आडवी मारते. कच्चा गिलावा तिच्यापुढे टिकत नाही.

आदल्या रात्री भोकाच्या तोंडाशी रांगोळी भुरभुरा. सकाळी पावलं उमटलेली दिसली तर थांबा. भटक्या मांजरीने आत पिल्लं घातली असतील तर बाहेरची वाट बंद करणं म्हणजे जीव घेणं.

थापी, घमेलं, ओळंबा गवंडी आणतोच. सिमेंट ताजं हवं. दमट हवेत तीन महिने पडलेल्या पोत्याचा जोर कमी होतो. किनाऱ्यावरची रेती मुळीच नको, तिच्यातलं मीठ भिंतीवर फुलतं आणि गिलावा सुटतो. जुन्या घरात चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, माती-चुन्यात बसवलेले असतील तर नुसतं सिमेंट नको, चुना घाला. चिरा भोकापेक्षा बोटभर लहान तासून घ्या.

आणि पाणी! मागच्या वेळी माझं हेच राहिलं. कोरडा चिरा कोरड्या भोकात बसवला, पहिल्याच झडीला कडेने ओल आत. चिरा सच्छिद्र असतो. मसाल्यातलं, म्हणजे सिमेंट-रेतीच्या कालवणातलं, पाणी तोच पिऊन टाकतो, मग सिमेंट धरणार कसं? बोटाने खरवडलं तर भुगा येतो. म्हणून चिरा बादलीत पूर्ण बुडवा. भराभर बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत बाहेर काढायचा नाही. काढल्यावर वरचं पाणी निथळू द्या. भोकाच्या कडासुद्धा भिजवा, आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी. गवंडी म्हणेल, "दोन तांबे मारले की पुरे." पुरत नाही. त्याच्यासमोर उभे राहा आणि भिजवून घ्या.

मांजराच्या दाराची प्लॅस्टिकची चौकट, स्क्रू, जुना सिलिकॉन सगळं आधी खरवडून काढा. सांध्यात मसाला आतपर्यंत ठासा, वरच्या सांध्यात जास्तच, पोकळी तिथेच राहते. जुन्या-नव्याच्या जोडावर कोंबडीजाळी, मग गिलावा. त्याच्याही आधी भिंत भिजवायची. पुढे किमान सात दिवस पाणी मारा. रंग दिवाळीला.