निन्टेन्डोच्या वी गेम कन्सोलवर होमब्रू चॅनल उघडतं, पण पेन ड्राइव्हवरची ॲप्स दिसत नाहीत: माझा अनुभव

लक्षण असं: होमब्रू चॅनल (हौशी लोकांनी बनवलेली अनधिकृत ॲप्स चालवणारा प्रोग्राम) व्यवस्थित सुरू होतं, पडद्यावर नुसते बुडबुडे तरंगतात, ॲपचं नाव एकही नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा, संगणकावर ठणठणीत. पोर्ट बदलले, ॲप पुन्हा उतरवून घेतलं, एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केलं, सगळं फुकट. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

मूळ दोष फॉरमॅटचा. होमब्रू चॅनलला एक्सफॅट वाचता येत नाही. फॅट३२ ही जुनी पद्धत लागते, तीही एमबीआर (ड्राइव्हचे भाग नोंदवायची जुनी रीत) विभाजनावर. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीवर फॅट३२चा पर्यायच दाखवत नाही. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडायचं विंडोजमधलं कमांडवर चालणारं साधन) उघडा. 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार पाहून आपलाच ड्राइव्ह निवडा (चुकीचा क्रमांक दिलात तर ती डिस्क पुसली जाईल, तेव्हा दोनदा पाहा). मग क्रमाने: क्लीन (ड्राइव्ह पुसणं), कन्व्हर्ट एमबीआर, ३०००० एमबीचं प्रायमरी पार्टिशन, फॅट३२ क्विक फॉरमॅट, असाइन (ड्राइव्हला अक्षर देणं). उरलेली जागा रिकामी राहू द्या.

आता ड्राइव्हवर सगळ्यात वरच्या पातळीला 'apps' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक ॲपचं वेगळं फोल्डर आणि त्यात थेट 'boot.dol' ही ॲप सुरू करणारी फाइल. झिप उलगडताना हमखास 'apps'मध्ये आणखी एक 'apps' तयार होतं. तसं झालं तर यादी रिकामीच. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं '.dol'सारखं शेपूट) लपवत असेल तर हाताने नाव बदलताना फाइल 'boot.dol.dol' होते, तेही तपासा.

ड्राइव्ह लावून चॅनल उघडा आणि रिमोटवरचं १ बटण दाबून एसडीऐवजी यूएसबी निवडा. कन्सोलमध्ये एसडी कार्ड असेल तर हे विसरू नका.