गोव्यात नोकरी, घर आणि पावसाळा सांभाळून बेस गिटार कशी वाजवत राहायची

पहिलं काम आज रात्री जेवण झाल्यावर करा. तुमचं आवडतं रॉक गाणं आधी मोबाईलच्या स्पीकरवर लावा आणि मग तेच गाणं बऱ्यापैकी हेडफोन लावून ऐका. स्पीकरवर गिटार येते, गाणारा येतो, ड्रमची टकटक येते, पण खालचं काहीतरी गायब असतं, आणि ते गायब असलेलं म्हणजेच बेस. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार म्हणजे ई, तिचा मोकळा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाईलचा तो टिकलीएवढा स्पीकर एवढ्या खाली उतरूच शकत नाही. हेडफोनवर ऐकताना गाणाऱ्याकडे लक्ष द्यायचंच नाही, तळाशी काय चाललंय त्याच्या मागे मागे जायचं. सुरुवातीला दर दहा सेकंदांनी ते हातातून निसटतं, निसटू दे, परत पकडा. आठवडाभर एकच गाणं असं ऐका. बेस विकत घ्यायच्या आधी हे करा असं मी सगळ्यांना सांगतो कारण ज्याला यात गोडी लागली त्यालाच पुढे बोटांची आग सहन होते.

मी फोंड्याचा, वेर्ण्याला शिफ्टमध्ये नोकरी करतो, घरी आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर आला तेव्हा आम्ही चौघे मित्र रात्रीच्या बसने गेलो होतो आणि तिथे त्यांच्या बेसवादकाला, स्टीव्ह हॅरिसला, नुसत्या दोन बोटांनी ती घोड्याच्या टापांसारखी चाल वाजवताना बघितलं, म्हणजे बघितलं असं तरी कसं म्हणू, ती छातीत वाजत होती. परत आल्यावर महिन्याभरात पहिला बेस घेतला. तेव्हापासून वाजवतोय, पोटापाण्यासाठी नाही, पण सोडलंही नाही एकदाही, आणि ते न सोडणं कसं जमवायचं तेच इथे लिहितोय.

घेताना साधा बेस घ्या. चार तारा, ३४ इंचाचं स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), आणि पॅसिव्ह म्हणजे बॅटरी नसलेला. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याचीच ठेवण आजही बहुतेक बेसमध्ये दिसते, त्यामुळे तशा आकाराचा कुठलाही चालेल. हात लहान असतील किंवा मुलांसाठी घ्यायचा असेल तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल बघा, त्यात काही कमीपणा नाही. पंधरावीस हजारांत शिकण्यासारखा नवा मिळतो. सेकंड हॅण्ड घेत असाल तर गोव्यातला बेस आधी ब्रिजकडून (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथून) तपासा, तिथल्या बारीक स्क्रूंना गंज चढला असेल तर तारांची उंची पुढे कधी नीट लावता येणार नाही. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून वाजवा आणि तिथेच न दाबता नुसतं बोट टेकवून हार्मोनिक म्हणजे घंटेसारखा पातळ सूर वाजवा, दोन्ही सूर एक यायला हवेत. ट्यूनर मोबाईलवर फुकट मिळतो, तो बरोबर न्या, विकणाऱ्याला राग येत असेल तर येऊ दे.

बॅटरीचं का म्हटलं ते सांगतो. एका लग्नाच्या रिसेप्शनला माझ्याकडे मित्राचा ॲक्टिव्ह म्हणजे बॅटरीवाला बेस होता, दुपारी तिथेच प्रॅक्टिस केली आणि केबल तशीच लावून ठेवून आम्ही जेवायला गेलो. अशा बेसमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते, ती काढेपर्यंत खर्च होत राहते. बॅटरी आधीच जुनी होती, संध्याकाळी दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटायला लागला आणि मग पूर्ण गेला. नवरीचे काका पळत जाऊन कुठून तरी भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले, त्यातला सेल काढायला, पण लागते ती नऊ व्होल्टची चौकोनी. तेव्हापासून अशी एक बॅटरी माझ्या बॅगेत कायम असते, बेस पॅसिव्ह असला तरी, दुसऱ्या कुणाला लागते.

आता खरी गोष्ट. बेस शिकताना सगळे सूर कुठे वाजवायचा हे शिकतात, सूर कुठे थांबवायचा हे कुणी शिकवत नाही. मला ते कळलं घुमटावरून, म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं लावलेल्या आपल्या वाद्यावरून. चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आरत्यांना आमच्या वाड्यावर घुमट वाजतं तेव्हा वाजवणाऱ्याचा डावा हात नीट बघा. उजवा हात चामड्यावर पडतो, पण मडक्याचं मागचं जे लहान उघडं तोंड असतं ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत असतात, आणि त्यावरून तो घूं असा आवाज लांब राहणार की आखूड होणार, जड होणार की मोकळा, ते ठरतं. थाप एकच, पण झाकण्याच्या वेळेने ठेका बदलतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण आमच्यासाठी ते लहानपणापासून घरचंच. मी एका चवथीला दीड तास नुसता तो डावा हात बघत बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी बेस हातात घेतला तर माझे सगळे सूर एकमेकांत चिखलासारखे मिसळतायत हे पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं ते तसंच वाजत होतं आणि मला वाटत होतं ॲम्प खराब आहे.

सूर बंद करायचा म्हणजे काय करायचं ते सांगतो. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा, तार फ्रेटवरून सुटते पण बोट तिला शिवलेलं राहतं आणि आवाज स्वच्छ थांबतो. मोकळी तार असेल तर उजव्या हाताचं पुढचं बोट तिच्यावर नुसतं टेकवा. ज्या तारा वाजवत नाही त्याही गुणगुणत असतात, त्यांना गप्प करायला उजव्या हाताचा अंगठा एका जागी चिकटवून ठेवू नका, तुम्ही बारीक तारांकडे सरकलात की अंगठाही मागोमाग सरकवून जाड तारांवर टेकवा. आणि ई च्या शेजारची ए तार छेडताना बोट तारेतून पुढे जाऊन ई तारेवर विसावू दे, ती आपोआप दबते. लिहायला चार ओळी लागल्या, हाताला सवय व्हायला मला सहा महिने लागले.

याचा रियाज असा. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर लावा आणि आठ मात्रा मोजा. ज्यांनी देवळात भजनाला टाळ वाजवलेत त्यांना हे सांगायलाच नको, भजनी ठेका आठ मात्रांचाच, आणि रॉकमधला नेहमीचा चारचा ताल अर्ध्या-अर्ध्याने मोजला की तोही आठच होतो. पहिल्या मात्रेला एक सूर वाजवा आणि बरोबर पाचव्या मात्रेला बंद करा, आधी नाही आणि नंतर नाही. पाच मिनिटं. मग चौथ्याला बंद करा, मग तिसऱ्याला. मोबाईलवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, सम चुकली तर लगेच कळतं पण शेवट चुकलेला रेकॉर्डिंगशिवाय कळत नाही. हा प्रकार कंटाळवाणा वाटेल, पण गवई पहाटे उठून खर्ज लावतात ना, एकच सा धरून, ते जसं तसंच हे आहे, आणि बेस म्हणजे बँडचा खर्जच आहे.

सूर कुठले वाजवायचे तेही थोडक्यात सांगतो. गाण्यात जी कॉर्ड चालू आहे तिचा मूळ सूर शोधा, तो झाला तुमचा सा. त्याच्या शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे पंचम, आणि त्याच्याही पुढच्या बारीक तारेवर पंचमाच्याच फ्रेटवर वरचा सा. जाड बाजूच्या शेजारच्या तारेवर सा च्याच फ्रेटवर खालचा पंचम मिळतो. एवढ्या तीन-चार जागांवर शेकडो गाणी निघतात. पहिल्या पाच फ्रेटमध्ये चारही बोटं चार फ्रेटवर ताणू नका, तिथे अंतर मोठं असतं आणि मनगट दुखायला लागतं, पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढीच वापरा, अनामिका करंगळीला आधार म्हणून बरोबर पडू दे. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. बोटांना फोड आले तर फोडू नका.

वेळ कुठून काढायचा हा प्रश्न सगळे विचारतात. माझं गणित वीस मिनिटांचं आहे, सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेअकराला घरी येतो, हातपाय धुऊन, जेवून, बाल्कनीत खुर्ची टाकून हेडफोन ॲम्पवर वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून बाकी आठवडा हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी पटीने बरं. बेस स्टँडवर बाहेर दिसेल असा ठेवा, बॅगेत गेला की दोन दिवसांचे दहा दिवस कधी होतात कळत नाही. आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा, माझ्या बायकोला माहीत आहे की ती वीस मिनिटं माझी, आणि त्याबदल्यात मुलीचा अभ्यास आणि रविवारचा बाजार माझ्याकडे, यावर आमचं आजपर्यंत भांडण झालेलं नाही.

ॲम्प लावणार असाल तर शेजाऱ्यांचा विचार आधी करा. खालचे सूर भिंतीतून आरपार जातात, ४१ हर्ट्झच्या सुराची लहर आठ मीटरच्या वर लांब असते, तुमच्या खोलीत ती मावतही नाही. ॲम्प कोपऱ्यात ठेवला की घुमणं आणखी वाढतं, म्हणून तो भिंतीपासून दोन हात पुढे ओढा, जमिनीवर थेट न ठेवता खाली जाड फोम किंवा जुनी गादी घाला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा वर येऊन नुसतं एवढंच सांगितलं, "बाबा, वाजव रे तू, पण माझ्या कपाटातल्या बशा वाजतात." गादी घातल्यावर बशा थांबल्या.

पावसाळा ही मात्र आपल्याकडची खास अडचण, परदेशातले व्हिडिओ बघून तिचं उत्तर मिळत नाही कारण तिकडचे लोक हिवाळ्यातल्या कोरड्या हवेला घाबरतात आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी बेस चांगला सुरक्षित राहील म्हणून हार्ड केसमध्ये बंद करून पलंगाखाली ठेवला. ऑगस्टमध्ये उघडला तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट पांढरी बुरशी, फ्रेटबोर्डच्या कडेने पांढरी पावडर, आणि सगळ्यात बारीक, 'जी' नावाच्या तारेच्या खाली बोट फिरवलं तर बोटाला तांबडी रेघ. केस म्हणजे ओलसर हवेचा डबाच झाला होता. पावसाळ्यात बेस बाहेर ठेवा, बाहेरच्या भिंतीला न लावता, पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी. केसमध्ये ठेवावाच लागला तर सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाका आणि दर पंधरा दिवसांनी त्या वाळवा. रोज वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसा, वरून तर पुसाच पण फडकं तारेखालून घालून खालूनही, गंज खालूनच सुरू होतो.

तारांचा सेट दीड-दोन हजारांचा, दर दोन महिन्यांनी कोण घेणार. जुन्या राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या, खाचा असलेल्या) तारा काढून, गोल गुंडाळून, पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळवा, खाचांतला मळ सुटतो आणि काही आठवडे चमक परत येते, फक्त उकळल्यावर अगदी कोरड्या करा नाहीतर गंजच पोसाल. त्याहून चांगला उपाय म्हणजे फ्लॅटवाउंड, चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा. त्या गुळगुळीत असतात, घाम साठायला खाचा नसतात, वर्षानुवर्षं टिकतात. लोक म्हणतात फ्लॅटवाउंडवर रॉक वाजत नाही, पण स्टीव्ह हॅरिसचा तो खणखणीत आवाज फ्लॅटवाउंडवरचाच आहे, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन, जो एकाच बोटाने वाजवायचा, तो तर तार तुटल्याशिवाय बदलायचाच नाही.

लाकूड ओल धरतं तशी नेकही, म्हणजे बेसचा लांब दांडाही, वाकतो. जुलैमध्ये तारा अचानक खरखरायला लागल्या किंवा उंच वाटल्या तर पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला जोडते तिथल्या फ्रेटवर ई तार एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबा. फिरत नसेल तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

बँड मिळाला की ड्रमरच्या उजव्या पायाजवळ उभे राहा, म्हणजे खरोखरच तिथे, पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रमच्या बाजूला. तुमचा सूर आणि त्याची किक एकाच क्षणी पडली की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं ऐकू येत नाहीत, एकच मोठं काहीतरी ऐकू येतं, ते सुख शब्दांत सांगता येत नाही. आणि इअरप्लग घाला. ८५ डेसिबलला कान आठ तास तग धरतात पण दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि झांजेजवळ उभं राहिल्यावर तेवढं सहज होतं. मी ते उशिरा सुरू केलं आणि माझ्या डाव्या कानात आता रात्री बारीक शिट्टी वाजते, म्हणून कळवळून सांगतोय.

गोव्यात वाजवायला जागा पुष्कळ, चर्चचं फेस्त, चवथीचे कार्यक्रम, लग्नं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम लक्षात ठेवून तुमची सगळ्यात आवडती गाणी नवाच्या आत घ्या, शेवटी ठेवलेली गाणी माझी तीनदा राहून गेली आहेत. जाताना स्कूटरवर बेस पाठीवर उभा न घेता बॅगेचे पट्टे सैल करून थोडा तिरका घ्या, हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) हेल्मेटच्या वर येतो आणि फोंड्याहून आतल्या रस्त्याने जाताना फणसाच्या फांद्या खाली आलेल्या असतात. पाऊस असेल तर बॅगेच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका, आत आधी बेसला एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला आणि पोचल्या पोचल्या ती काढा, आत घाम धरायच्या आधी.