पोटरीला चावणारी मनी

दत्तक आणलेली मनी मांजर वयाने मोठी, पण घरात छान रुळली होती. मग एका संध्याकाळी काही कारण नसताना पोटरीला कडकडून चावली. आधी डॉक्टरांना दाखवलं. दात किंवा सांधे दुखत असले तरी मांजरं अशी वागतात. तसं काही निघालं नाही.

खरा गुन्हेगार बाल्कनीच्या काचेपलीकडे, सोसायटीतला लठ्ठ बोका! तो दिसला की मनीच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान चपटे, शेपूट फुगलेलं. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग राग जवळच्या पायावर.

काचेला खालून वर्तमानपत्रं चिकटवली. भडकली की उचलायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. अंधाऱ्या खोलीत एकटं सोडायचं. हा राग कधीकधी तासन्‌तास उतरत नाही. चावणं थांबलंय. बोका येतोच, निर्लज्ज मेला.